टू-वे

बाजारातून काहीही आणायला सांगितलं की मी ते हमखास चुकीचं आणते, अशी घरात माझी ख्याती आहे. जाडे पोहे सांगितले की पातळ, अर्ध्या इंचाची तोटी सांगितली की पाऊण इंचाची. आईचं म्हणणं असं, की मला ऐकू येतं पण मी ऐकत नाही. या दोन्हींत फरक असतो हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं तेच सांगायला बसले आहे. विषय तसा रुक्ष आहे: विजेची बटणं आणि नेटवर्कचं सामान. पण घरात म्हातारं माणूस एकटं राहत असेल, तर हा विषय आज ना उद्या तुमच्याही दारात येणार.

नातेवाईक मंडळींना पुढची हकीकत माहीत आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. गेल्या दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी आई रात्री पडली. अडीचची वेळ असेल. बाथरूमला जायला उठली. पलंग खिडकीशी, दिव्याचं बटण दाराशी. मधलं दहा-बारा फुटांचं अंतर ती वर्षानुवर्षं अंधारातच चालत आली आहे. त्या रात्री खुर्ची नेहमीच्या जागी नव्हती. उजवं मनगट मोडलं. सकाळी साडेसहाला दूधवाल्याने शेजारच्या काकूंना हाक मारली, तोपर्यंत ती भिंतीला टेकून जमिनीवर बसून होती. चार तास. "पाय शाबूत होते, उठता आलं असतं," ती मला नंतर म्हणाली, "पण परत पडायची भीती वाटली."

या 'भीती वाटली'ने आम्हा दोघा भावंडांची झोप उडवली. आईच्या तोंडून हा शब्द आम्ही कधी ऐकलाच नव्हता.

दादा न्यू जर्सीत, मी पुण्यात, आई सांगलीला गावभागात. तिघांचा फोन लागला. दादाने सगळा अभ्यास करून ठेवला होता.

"चार कॅमेरे," तो म्हणाला. "एक फाटकावर, एक मागच्या दारी, एक हॉलमध्ये, एक आईच्या खोलीत. आठ पोर्टचा पीओई स्विच घे, म्हणजे कॅमेऱ्यांना वेगळी वीज द्यायला नको. तुमची रात्र म्हणजे माझी दुपार. मी ऑफिसातून बघत जाईन."

मी वहीत लिहून घेत होते. म्हटलं, "स्विच वरच्या मजल्यावर ठेवू, मेन बोर्डाशेजारी."

आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "वर कशाला? मला स्विच पलंगापाशी हवाय."

दोन सेकंद कुणीच बोललं नाही आणि मग आम्ही दोघंही हसलो. आई हसली नाही. दादाने तिला नीट समजावून सांगितलं, की अगं, हा तो स्विच नव्हे, ही एक डबी असते, तिच्यात सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी येतात वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कॅमेऱ्यात मी पडलेली दिसेन. पण पडायची थांबेन का?"

यावर दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. तरी मी वहीत 'पीओई स्विच, ८ पोर्ट' याच्या खाली रेघ मारली आणि आईचं बटण तसंच राहिलं. म्हणजे पुन्हा तेच. ऐकू आलं, पण ऐकलं नाही.

*

सांगलीतल्या आमच्या घरात बटणं इतकी उंचावर का आहेत, हे नव्या माणसाला कळत नाही. एरवी घरांत बोर्ड चार-साडेचार फुटांवर असतो. आमच्याकडे तो सव्वापाच फुटांवर आहे. प्लगचे सॉकेटसुद्धा वरच. पाहुण्यांना मोबाइल चार्जिंगला लावायचा तर तो हवेत लोंबत ठेवावा लागतो.

कारण कृष्णा. २००५ च्या पुरात आमच्या घरात गुडघाभर पाणी आलं, तेव्हा बाबांनी खालचे सगळे सॉकेट उखडून कमरेच्या वर नेले. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस, पाण्याची पातळी हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, हे आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या घरात साडेचार फूट चढलं. कमरेच्या वर नेलेले सगळे सॉकेट बुडाले. पाणी ओसरल्यावर बाबांनी भिंतीवर खडूने रेघ ओढली, तिच्यावर नऊ इंच मोजले आणि वायरमनला सांगितलं, "याच्या खाली या घरात वीज नको." मेन बोर्ड आणि मीटर तर जिन्याने वरच्या मजल्यावरच गेले. पंच्याहत्तरीत त्यांनी अख्ख्या घराचं वायरिंग नव्याने करून घेतलं.

तेव्हा आई कुरकुरली होती. तिची उंची चार फूट दहा इंच. त्यात खांदा आखडलेला. दिवा लावायला तिला टाचा उंचवाव्या लागतात. बाबा म्हणायचे, "पाण्यापेक्षा टाचा बऱ्या." २०२२ च्या मे महिन्यात बाबा गेले. टाचा उंचावणं चालूच राहिलं.

*

डिसेंबरात मी चार दिवसांची रजा काढून सांगलीला गेले. आधी मापं घ्यायची, मग पुण्यातून सामान न्यायचं, असा बेत. जुन्या वायरमनकाकांचा मुलगा आता त्यांचं काम बघतो. त्याला बोलावलं. टेस्टर शोधायला मी बाबांचा खण उघडला.

बाबांचा खण म्हणजे एक छोटं दुकानच. चिनीमातीचे जुने फ्यूज, फ्यूजच्या तारेचं रीळ, काळी गोल बेकेलाइटची बटणं, पियानो बटणांचे दोन-चार दात, गुलाबी पडलेल्या चिकटपट्ट्या. आमच्या लहानपणी फ्यूज उडाला की बाबा स्टुलावर आणि मी खाली टॉर्च धरून, असा देखावा असायचा. त्या बटणांची 'टक्' मला फार आवडायची. ती टक् उगाच नसते. बटण हळूहळू उघडलं तर दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत ठिणगी पेटत राहते आणि धातू जळत जातो. म्हणून आत स्प्रिंग असते, ती पत्रा एका झटक्यात बाजूला खेचते. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स नावाच्या माणसाने १८८४ मध्ये अशा झटक्याने तुटणाऱ्या बटणाची युक्ती काढली. म्हणजे गेली जवळजवळ दीडशे वर्षं माणसं हीच टक् ऐकत आली आहेत.

टेस्टर सापडला. त्याच्याखाली एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात दोन मोड्युलर बटणं, अजून वेष्टणातच. सोबत तापकीर गल्लीतल्या एका दुकानाचं बिल. तारीख २०२१ च्या ऑक्टोबरची. बिलामागे माझ्या अक्षरात एक फोन नंबर.

मला नुसतं पुसट आठवलं. दिवाळीला येताना बाबांनी काहीतरी आणायला सांगितलं होतं आणि मी आणलं होतं. चला, एकदा तरी बरोबर आणलं असेल, असं म्हणून मी खण लावून टाकला.

तेवढ्यात खोलीतून वायरमनची हाक आली. "ताई, हे डमी इथं कशाला बसवलंय?"

डमी म्हणजे कोरी पट्टी. मोड्युलर बोर्डात जी घरं रिकामी राहतात ती बुजवायला ही पट्टी बसवतात, म्हणजे आत बोट किंवा झुरळ जात नाही. बोर्डात एखादी डमी असणं नेहमीचंच. पण ही संपूर्ण प्लेटच डमी होती, आईच्या पलंगाच्या डोक्याशी, जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर. तीन वर्षं ती मी बघत होते. मला वाटायचं, जुनं सॉकेट काढून तिथलं भोक झाकलंय.

त्याने दोन स्क्रू काढले. आत नवी कोरी पत्र्याची पेटी. पेटीत पाइपाचं तोंड. पाइपात जी. आय. ची तार ओवून ठेवलेली, टोकाला छान वळवून. त्याने ती हलकेच ओढली. दाराजवळच्या बोर्डामागे खरखर झाली.

"टू-वेची लाइन आहे ही," तो म्हणाला. "फक्त वायरी ओढायच्या आणि बटणं लावायची राहिलीत."

साडेचार फुटांच्या रेघेखाली या घरात वीज नको म्हणणाऱ्या माणसाने एकाच ठिकाणी आपला नियम मोडला होता. आईच्या उशाशी.

*

आईला सगळं माहीत होतं. ती दुपारी डाव्या हाताने वाटाणे सोलता सोलता सांगत होती. २०१९ ला वायरिंग करताना तिने हट्टाने पाइप टाकून घेतला. बाबा म्हणाले, पाइप टाकू, बटण मग बघू. मग करोना आला. मग २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी पायऱ्यांशी आलं, त्यात ते बिथरले. त्यानंतर त्यांचा हात थरथरायला लागला. आणि त्या मालिकेची बटणं सांगलीत मिळेनाशी झाली होती.

"म्हणून तुला सांगितलं त्यांनी. दोन टू-वे घेऊन ये म्हणून."

मी उठून खणातली पिशवी आणली. वेष्टण फाडून बटण उलटं केलं. मागे दोन पितळी स्क्रू होते.

ज्यांना यातलं कळतं त्यांच्या लक्षात आलं असेल. साध्या बटणाला, म्हणजे वन-वेला, मागे दोन टोकं असतात: वीज एकातून येते, दुसऱ्यातून जाते. टू-वेला तीन लागतात. मधलं समाईक टोक आणि बाजूची दोन. दाराशी एक टू-वे, पलंगाशी एक टू-वे, दोघांमध्ये दोन वायरींचे दोन रस्ते. दिवा कुठूनही लावा, कुठूनही घालवा. जिन्यातल्या दिव्याला असतं तेच. समोरून पाहिलं तर वन-वे आणि टू-वे जुळी भावंडं. फरक फक्त पाठीमागे, एका स्क्रूचा.

मी आणलेली दोन्ही बटणं वन-वे होती. शिवाय कंपनी दुसरी. मोड्युलर बटणांचं हे आणखी एक दुखणं, एकाची बटणं दुसऱ्याच्या प्लेटमध्ये बसत नाहीत. दिसायला सारखी, खाचा वेगळ्या.

"बाबा काही बोलले नाहीत मला," मी म्हटलं.

"काय बोलणार? 'बरं झालं आणलंस' म्हणाले आणि ठेवून दिली. तू दुसऱ्या दिवशी निघालीस. मला म्हणाले, पोरीला परत हेलपाटा नको. पुढच्या वेळी बघू."

'बरं झालं आणलंस' मला आठवलं. मी तेव्हा लॅपटॉपवर होते. त्यांनी बटण हातात घेऊन उलटं केलं होतं, तेही आठवलं. थरथरत्या हाताने. त्यांना एका नजरेत कळलं असणार.

आई वाटाणे सोलत राहिली. मग म्हणाली, "तुझं एकटीचं नाही. मीही नंतर मागे लागले नाही. ते गेल्यावर म्हटलं, एवढी वर्षं अंधारात चालतेय, आता काय."

*

पुण्याला आल्यावर मी तापकीर गल्लीत गेले ती यादी घेऊन. या वेळी यादी मी आईला आणि वायरमनला वाचून दाखवली होती. आईने एक शब्द बदलून घेतला. मी 'छोटी बटणं' लिहिलं होतं. ती म्हणाली, "मोठी. रुंद. मला डाव्या हाताने, चष्म्याशिवाय, झोपेत लागली पाहिजेत."

सामान घेताना काय काय बघावं ते आता मला चांगलं पाठ झालं आहे, तेव्हा तुम्हालाही सांगून टाकते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

बटण आधी उलटं करून बघावं. दुकानदाराला काय वाटायचं ते वाटू दे. बटणं, चौकट आणि प्लेट एकाच मालिकेतली घ्यावीत आणि चार बटणं जास्तीची घेऊन ठेवावीत. मालिका बंद होतात, घर बंद होत नाही. अंधारात चमकणारी बारीक दिव्याची खूण असलेलं बटण मिळतं. ते मी पलंगापाशी घेतलं. कुणी म्हणेल, मग झिरोचा दिवा रात्रभर का नाही लावत? आईला उजेडात झोप येत नाही. टॉर्च आहे, पण ती उशीखालून घरंगळते. दादाने बोललेलं ऐकून दिवा लावणारं यंत्र सुचवलं होतं. आई म्हणाली, "रात्री अडीच वाजता मी एकटी अंधारात कुणाशी बोलू? शेजारचे म्हणतील म्हातारी गेली कामातून."

सॉकेटला लहान मुलांसाठी झडप असते, ती आत्ता आमच्या कामाची नाही. पण त्यामागची युक्ती मला आवडली. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची अर्थिंगची पिन जाड आणि लांब असते. म्हणून ती सगळ्यांत आधी आत शिरते आणि सगळ्यांत शेवटी बाहेर येते. वीज येण्याआधी सुरक्षितता पोचलेली असते आणि वीज गेल्यावरच ती निघते. झडपही तीच पिन उघडते. काही माणसं अशी असतात.

मग आरसीसीबी. आमच्या वायरमनने मेन बोर्ड उघडून सांगितलं, की एमसीबी सगळे आहेत, पण हा नाही. मला वाटायचं दोन्ही एकच. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. सोळा अँपियरचा एमसीबी सोळा अँपियरच्या वर ताण गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाचा जीव जायला त्याचा अगदी बारीकसा अंश पुरतो. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून परत आली का ते सतत मोजत असतो. तेवढी जरी वाट चुकून कुणाच्या अंगातून जमिनीत जायला लागली, तरी क्षणार्धात सगळं बंद करतो. त्यावर 'टी' लिहिलेलं एक बारीक बटण असतं, ते तीन महिन्यांतून एकदा दाबून बघायचं. खटका पडला तर ठीक, नाही पडला तर वायरमनला बोलवायचं. आईच्या कालनिर्णयवर मी त्या तारखांना गोल करून आले आहे. ओल्या हातांचं आणि पुराचं घर आहे आमचं.

आणि दादाचं सामान. कॅमेऱ्यांवर शेवटी तडजोड झाली. घराच्या आत एकही नाही. फाटकावर एक, मागच्या दारी एक. हे ठरायला तीन फोन लागले. त्यातल्या एकात आवाज चढले होते, ते इथे लिहीत नाही. दादा हे वाचणार आहे आणि त्याचं चुकलं होतं असं मला म्हणायचंही नाही. आई चार तास जमिनीवर बसली होती, तेव्हा तो दुपारची कॉफी पीत होता, आणि हे त्याला आयुष्यभर माहीत राहणार आहे. त्याची भीती वेगळी, आईची वेगळी. मी दोघांच्या मध्ये, समाईक टोकासारखी.

नेटवर्कचा स्विच घेताना चार पीओई पोर्टचा पुरला. पीओई म्हणजे एकाच केबलमधून माहितीही जाते आणि वीजही. साध्या पीओईत स्विच एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत देऊ शकतो. आमचे कॅमेरे त्याच्या निम्म्यानेही घेत नाहीत. पण खोक्यावर एकूण किती वॉट आहेत तेही बघावं, पोर्ट चार असले तरी ताकद वाटून घ्यायची असते. केबल मात्र स्वस्तातली घेऊ नये. वरून तांब्याची दिसते आणि आत ॲल्युमिनियम असतं, अशी केबल सर्रास विकतात. ब्लेडने तारेचं टोक खरवडलं की आतून पांढरी निघते. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याइतकी सहज जात नाही. लांबवरच्या कॅमेऱ्यापाशी पोचेपर्यंत दाब उतरतो. दिवसा चालतं. रात्री कॅमेऱ्याचे अंधारात बघायचे दिवे लागले, त्याची भूक वाढली, की तो बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो. म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. इथेही समोरून सगळं सारखंच. दुकानदाराने कात्री दिली, मी खरवडून बघितलं. लालच निघालं.

बाकी किरकोळ. भिंतीत जाणाऱ्या केबलची तार अखंड असते, तिला त्याच प्रकारचे आरजे-४५ लागतात. स्विचपाशी वळवायला मऊ, बारीक तारांच्या तयार दोऱ्या घ्याव्यात. नेटवर्कची केबल विजेच्या पाइपातून नेऊ नये, तिचा पाइप वेगळा. राउटरसाठी मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर पीओई स्विच चालत नाही, त्याला ४८ व्होल्टच्या आसपास लागतात, तेव्हा साधा मोठा यूपीएस घ्यावा. हे सगळं वरच्या मजल्यावर गेलं, रेघेच्या वर.

शेवटी एक बिनवायरीची घंटी घेतली. कळ आईच्या पलंगाला, घंटी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. ही कल्पना काकूंची. म्हणाल्या, "तुमच्या अमेरिकेपेक्षा मी जवळ आहे."

*

जानेवारीत वायरमनने एका दिवसात सगळं बसवलं. पाइपात बाबांनी ओवलेल्या तारेला तीन वायरी बांधून त्याने दाराकडून ओढल्या आणि त्या एका झटक्यात आल्या, कुठेही अडकल्या नाहीत. पलंगापाशी अडीच फुटांवर वीज आली, तर पुराचं काय? त्या खोलीच्या दिव्याची लाइन त्याने वेगळ्या एमसीबीवर घेतली. पाणी चढायला लागलं की वरच्या मजल्यावरून तेवढीच बंद करायची. बाबांना हे पटलं असतं असं मला वाटतं. निदान त्यांनी दोनदा तपासलं असतं.

डमी प्लेट मी पुण्याला घेऊन आले आहे. आणि ती दोन वन-वे बटणं बाबांच्या खणात परत ठेवली.

काम झाल्यावर आईने पलंगावर बसून बटण दाबून पाहिलं. दिवा लागला. मग दाराशी जाऊन घालवला. परत येऊन बसली, पुन्हा दाबलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. "हे उलटं लागलंय. आता वर केल्यावर दिवा लागतोय."

आपल्याकडे खाली म्हणजे चालू. अमेरिकेत वर म्हणजे चालू. दादा आला की पहिले दोन दिवस घरातले सगळे दिवे उलटे दाबत हिंडतो. पण टू-वेमध्ये हा नियम राहत नाही. खाली म्हणजे चालू की बंद, हे दुसऱ्या टोकाला कुणी काय करून ठेवलंय त्यावर ठरतं. वायरमनने हे समजावून सांगितलं. आईला पटायला वेळ लागला. मग म्हणाली, "म्हणजे दोघांनी मिळून ठरवायचं. बरंय."

त्या रात्री मी तिच्याच खोलीत खाली गादी घालून झोपले. म्हणजे पडून राहिले. पावणेतीनला पलंग करकरला. मी उठणार, एवढ्यात टक् झाली आणि खोली उजळली. आई उठून बसली होती. तिने खुर्ची कुठे आहे ते बघितलं, चपला बघितल्या, मला बघितलं.

"झोप तू," ती म्हणाली. "मला दिसतंय."